पिक्सची (एकाच पेशंटचे वेगवेगळ्या हॉस्पिटल सिस्टिममधले नंबर जोडायचं स्टँडर्ड) टेस्टिंग पहिल्यांदाच करतोयस ना, मग हे वाच

अरे, सगळे आधी नावं जुळवायच्या अल्गोरिदमवर डोकं आपटतात, पण कनेक्टॅथॉनच्या (वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिस्टिम एकमेकांशी जोडून तपासायचा कार्यक्रम) टेस्टमध्ये गाडी अडते ती पीआयडी-३ मध्ये, म्हणजे मेसेजमधल्या पेशंट नंबरच्या फील्डमध्ये. नुसता पेशंट नंबर टाकून भागत नाही, तो नंबर कुणी दिला ते त्या फील्डच्या चौथ्या कंपोनंटमध्ये लागतं, आणि तिथे नेमस्पेस (नंबर देणाऱ्याचं छोटं नाव) आणि ओआयडी (त्याचाच टिंबांनी जोडलेल्या आकड्यांचा कोड) दोन्ही देणार असशील तर दोन्ही एकाच डोमेनचे, म्हणजे नंबर देणाऱ्या एकाच सिस्टिमचे पाहिजेत, मी एकदा एका ओआयडीत एक टिंब गाळलं होतं आणि अख्खी दुपार मॅचिंगला शिव्या घालत बसलो 😅

दुसरं म्हणजे ए४० मर्ज, एकाच पेशंटचे दोन नंबर एक करायचा मेसेज. जो नंबर टिकणार तो पीआयडीत, जो मिटणार तो एमआरजी-१ फील्डमध्ये, हे हमखास उलटं होतं.

आणि क्यू२३ क्वेरीची (या पेशंटचा दुसऱ्या डोमेनमधला नंबर काय, ही विचारणा) उत्तरं नीट बघ. पेशंट ओळखीचा आहे पण मागितलेल्या डोमेनमध्ये त्याचा नंबर नाही, तर उत्तराच्या एमएसएमध्ये (मेसेजची पोच) एए (ठीक) आणि क्यूएकेमध्ये (क्वेरीचा निकाल) एनएफ (काही सापडलं नाही). पेशंटच माहीत नसेल तर दोन्हीकडे एई (एरर). बरेच जण दोन्ही केसला एनएफच पाठवतात, व्हॅलिडेटर सोडत नाही.

टेस्ट डेटा बनवताना जुळे भाऊ घालच, आडनाव, जन्मतारीख, पत्ता सगळं सेम, म्हणजे मॅचिंग दोघांना एकच पेशंट समजतं का ते कळेल.