अकरा दिवसांचं मौन

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेला मला तीस वर्षं पूर्ण होतील. हे पत्र त्या तारखेमुळे लिहितोय की एका मुलीमुळे, हेच मला नीट कळत नाहीये.

बावीस ते पंचविसाव्या वर्षापर्यंत आम्ही एकत्र होतो. मग तिला दुसऱ्या शहरात मनासारखी नोकरी मिळाली. तिचं म्हणणं होतं, सहा महिने लांब राहून बघू, नाही जमलं तर तेव्हा ठरवू. मला ते झेपेल असं वाटत नव्हतं. अकरा दिवस मी तिला काहीच उत्तर दिलं नाही आणि बाराव्या दिवशी ‘आपलं इथंच थांबवूया’ असा मेसेज पाठवला. परिस्थितीच तशी होती.

दोन महिन्यांपूर्वी घर बदलताना तिची एक वही सापडली. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्यासाठी टिपणं काढायची आणि समासात मला सूचना लिहायची. ‘इथे तू हमखास चुकतोस, दोनदा वाच.’ ते वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. बरेच दिवस घुटमळलो, शेवटी मेसेज केला. तिनं उत्तर दिलं. गेले तीन आठवडे आम्ही रोज रात्री बोलतो. जुन्या गोष्टी निघतात, हसतो. ती सध्या एकटी आहे. मीही. माझे जवळचे चारही मित्र संसाराला लागलेत. घरी माझ्यासमोर कुणी लग्नाचा विषय काढत नाही, आणि तेच जास्त बोचतं. वाढदिवसाच्या दिवशी तिला न सांगता तिच्या शहरात जायचं आणि पुन्हा सुरू करूया का म्हणून विचारायचं, असं ठरवलंय. मित्र म्हणतात, जुनं उकरून काढू नकोस. हे खरं प्रेम आहे की तिशीची भीती? कसं ओळखायचं?

– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी ‘परिस्थितीच तशी होती’ या वाक्यापाशी अडले. त्याकडे वळणारच आहे. आधी तारखेचं बघू, ते त्या मानानं सोपं आहे.

तिशी जवळ आली की आयुष्याची झाडाझडती घ्यावीशी वाटते, आणि असं वाटणारे तुम्ही एकटे नाही. ॲडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड या दोन संशोधकांनी २९, ३९, ४९ अशा नवावर संपणाऱ्या वयांबद्दलचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आयुष्यात पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणाऱ्या ५०० जणांची वयं त्यांनी पाहिली, तर त्यातले ७४ जण या वयांचे निघाले. सगळी वयं सारखी विखुरलेली असती तर ५०च्या आसपास निघायला हवे होते. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या पुरुषांमध्येही या वयांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. या आकडेमोडीवर पुढे आक्षेप घेतले गेले, तेव्हा तिला फार ताणू नये. पण दशक संपत आलं की मन हिशेब मांडून बसतं, एवढं तरी तुमच्या पत्रातही दिसतंय. चार मित्रांचे संसार तुम्ही मोजलेत, घरातलं न बोलणंही मोजलंत.

यामुळे तुमची ओढ खोटी ठरत नाही. तिशीच्या भीतीतून सुरू झालेली ओढ खरीही असू शकते, भीती आणि प्रेम एकाच मनात शेजारी राहतात. मला शंका आहे ती घाईची. चोवीस तारीख तुमची आहे, तिच्या लेखी तो साधा कामाचा दिवस आहे. त्या संध्याकाळी प्रवास करून आलेला, वाढदिवस असलेला माणूस अचानक समोर उभा राहिला, तर ‘नाही’ म्हणणं तिला किती जड जाईल याचा विचार करा. आणि ‘हो’ म्हणाली, तर त्यात तिच्या मनातलं किती आणि संकोचाचं किती, हा प्रश्न तुम्हाला पुढे कायम छळेल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, त्या दिवशी जाऊ नका. वाढदिवस होऊन जाऊ द्या, वर आणखी महिना-दीड महिना जाऊ द्या. एकतिसावं वर्ष लागून सगळं रोजच्यासारखं झाल्यावरही ती हवीशी वाटली, तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालेलं असेल.

आता ती परिस्थिती.

नॅन्सी कॅलिश नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९३ पासून, जुन्या प्रेमाकडे परतलेल्या लोकांचा अभ्यास केला. किमान पाच वर्षं दुरावून पुन्हा एकत्र आलेल्या १००१ जणांकडून त्यांनी माहिती मिळवली, आणि त्यातल्या बहुसंख्यांचं नातं टिकलेलं होतं. आशा वाटावी असंच हे आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही माणसं आपणहून माहिती द्यायला पुढे आली होती, त्यामुळे तुमचं जमेल का याचं भाकीत त्यावरून करता येत नाही. आणि यातले पुष्कळ जण बाहेरच्या कारणांनी वेगळे झाले होते. कुणाच्या आई-वडिलांनी विरोध केला होता, कुणाच्या घरच्यांनी गाव बदललं होतं, कुणाचं वयच फार कोवळं होतं. त्यांच्या नात्याला धक्का बाहेरून बसला होता, एकमेकांशी वागण्यात फारसं बिघडलं नव्हतं. याच्या उलट, पुन्हा पुन्हा तुटणाऱ्या आणि जुळणाऱ्या नात्यांचा अभ्यास टेक्सास विद्यापीठातल्या रेने डेली यांनी केला आहे. अशा जोडप्यांमध्ये समाधान कमी आणि नात्याबद्दलची अनिश्चितता जास्त आढळली. मला त्याचं कारण असं वाटतं, की जे बिघडलं होतं त्याला हात न लावताच माणसं परत येतात.

तुमचं यातलं कुठलं? नोकरी दुसऱ्या शहरात मिळाली, ही परिस्थिती खरी. पण तिनं तर वाट काढली होती, सहा महिने करून बघू म्हणाली होती. त्यावर तुम्ही अकरा दिवस गप्प राहिलात. ते अकरा दिवस परिस्थितीनं आणले नव्हते. ‘मला भीती वाटते, मला हे जमणार नाही’ एवढं तिच्याशी बोलणं तुम्हाला अवघड गेलं, म्हणून ते आले. पंचविसाव्या वर्षी माणूस असं वागतो, त्यासाठी मी तुम्हाला बोल लावत नाही. पण ते अकरा दिवस तिच्या बाजूनं कसे गेले असतील? नवी नोकरी, अनोळखी जागा, आणि हातात सतत फोन. तुम्ही दिवसांचा नेमका आकडा लिहिलात. पाच वर्षांनंतरही तो तुमच्या लक्षात आहे, म्हणजे आत कुठेतरी तुम्हाला हे ठाऊक आहे, असं मी समजते.

तीन आठवड्यांच्या गप्पांत हा विषय एकदा तरी निघाला का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. रात्री उशिरा, दिवसभराच्या थकव्यानंतर, जुन्या गमती आठवून हसणं फार सोपं असतं. इथे मी स्वतःचं सांगते. मीही एकोणतीस वर्षांची असताना एका जुन्या मित्राशी पुन्हा बोलू लागले होते. पहिल्या तीन भेटी इतक्या सुंदर झाल्या, की मधली वर्षं पुसलीच गेली म्हणावं. चौथ्या भेटीत आठवणी संपल्या. एकच प्रवास, एकच पाऊस, एकच भांडण किती वेळा सांगणार? त्यानं विचारलं, ‘बाकी काय?’ आणि मला काही सुचेना. आजच्या मला तो ओळखत नव्हता, आणि आजच्या त्याच्याबद्दल मला कुतूहलही नव्हतं. तरी पुढे सात महिने आम्ही रेटलं, कारण थांबूया हे कुणी म्हणायचं, हा प्रश्न होता. त्या सात महिन्यांनी आम्हा दोघांना जितकं दुखावलं, तितकं पहिल्या वेळच्या तुटण्यानंही दुखावलं नव्हतं.

म्हणून तुमचं पत्र मी पुन्हा चाळलं, तिच्या आजच्या आयुष्याबद्दल काय लिहिलंय ते शोधत. एकच वाक्य सापडलं, ‘ती सध्या एकटी आहे.’ तिला ती नोकरी अजून मनासारखी वाटते का? त्या शहरात तिला जवळचं कोण आहे? या पाच वर्षांत तिला कशानं रडवलं? ती एकटी आहे ते नाइलाजानं, की तिनं ते निवडलंय? समासात सूचना लिहिणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची होती. आता तुमच्याशी बोलतेय ती बाई वेगळी असेल, कदाचित अधिक आवडण्यासारखी असेल, पण तुमची तिच्याशी ओळख व्हायची आहे. तेव्हा गप्पा रात्रीवरून दिवसावर आणा. आठवणी कमी काढा, विचारा जास्त.

त्याच्याही आधी माफी मागा. फोन करून, आवाजात. मेसेजनं नको, कारण तोडलंत तेही मेसेजनंच. ‘त्या अकरा दिवसांत मी तुला ताटकळत ठेवलं. मी घाबरलो होतो आणि तुला ते सांगितलं नाही. चूक माझी होती,’ एवढं म्हणा. परिस्थिती, वय, नोकरी यातलं काही मध्ये आणू नका. आणि त्याच बोलण्यात पुन्हा सुरू करण्याचा विषय अजिबात काढू नका. माफीला मागणी जोडली की ऐकणाऱ्याला ती किंमत वाटते. ती चिडेल, रडेल, किंवा ‘जाऊ दे रे, झालं गेलं’ म्हणून विषय टाळेल. काहीही झालं तरी शांतपणे ऐका. कदाचित त्यानंतर ती रोज बोलणं थांबवेल. ते सोसायची तयारी असेल, तरच हा फोन करा.

तिनं बोलणं चालू ठेवलं, तर भेटा, आणि तिला आधी विचारून भेटा. कुणाला कुठल्या शहरात राहायचंय हा जुना प्रश्न आजही तसाच समोर आहे, तो त्या भेटीत टाळू नका. गेल्या वेळी नातं याच दगडाला अडखळलं होतं. निघण्यापूर्वी स्वतःलाही एक विचारून घ्या : गेल्या पाच वर्षांत कुणाला तरी, घरी म्हणा, कामावर म्हणा, अप्रिय गोष्ट मी वेळेवर आणि तोंडावर सांगितल्याचं मला आठवतं का? दोन-तीन प्रसंग आठवले, तर तुम्ही तिच्यासमोर बदललेले म्हणून उभे राहू शकता. एकही आठवला नाही, तर आधी तिथे काम करा. तिला पुन्हा एकदा वाट बघायला लावणं बरं नव्हे.

मित्रांचं ‘उकरून काढू नकोस’ मला पटत नाही. तुम्ही मेसेज केलात, तिनं उत्तर दिलं, म्हणजे ते उकरून झालेलंच आहे. आता मध्येच माती ढकलून निघून जाणं म्हणजे पुन्हा तेच मौन. काहीच पुढे न्यायचं नाही असं ठरलं, तरी तिला ते स्पष्ट शब्दांत सांगा, त्याच आठवड्यात.

आणि ती वही. माफी मागाल त्या दिवशी तिचा उल्लेख करू नका, समासातल्या ओळींचा फोटो पाठवू नका. तिचं मन विरघळेल आणि तुमची सुटका होईल, पण तिला जे बोलायचं असेल ते राहून जाईल. पुढे कधीतरी, तिला राग येऊन गेल्यावर, सांगा की वही माझ्याकडे आहे, तुला परत हवी आहे का.