कोबिटचा निकष आणि निस्टची मार्गदर्शिका

प्रश्न : मी नाशिकमधील एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागाचे काम पाहतो. आमची मुख्य शाखा सराफ बाजारालगत आहे. माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षकांनी कोबिटच्या निकषांवर तपासणी करून सेवा-सातत्याबाबत, म्हणजे संकटातही सेवा चालू ठेवण्याबाबत, ‘अंशतः पूर्तता’ असा शेरा दिला आहे. आमची 80 पानांची आपत्कालीन योजना मात्र सल्लागारांनी अमेरिकेतील निस्ट या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार तयार करून दिलेली आहे. मग त्रुटी कशी निघते? दोहोंपैकी एकच धरून चालणार नाही का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : एकच धरून चालणार नाही, कारण ही दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. कोबिट ही आयसाका या संस्थेने घालून दिलेली, माहिती तंत्रज्ञानाच्या एकूण कारभाराची चौकट आहे. तिच्या 2019 च्या आवृत्तीतील 40 उद्दिष्टांपैकी ‘डीएसएस04’ हे सेवा-सातत्याचे उद्दिष्ट आहे. निस्टची ‘800-34’ ही मार्गदर्शिका, जिची सुधारित आवृत्ती मे 2010 मध्ये निघाली, ती मात्र संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेली असून धोरण ठरवणे आणि बंद पडलेल्या प्रणालीचा कामकाजावर होणारा परिणाम मोजणे येथपासून चाचणी, प्रशिक्षण आणि योजनेची देखभाल येथपर्यंतच्या सात पायऱ्या ती सांगते.

फरक कोठे पडतो ते आपल्याच गावच्या उदाहरणाने पाहू. योजना कोणत्या क्षणी लागू करायची याचे निकष आधीच लिहून ठेवावेत, असे निस्ट सांगते. गोदावरीचे पाणी पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककराला हे निराळे समजवायला नको. गंगापूर धरणातून होणारा विसर्ग कितीवर गेला म्हणजे सराफ बाजारातील सर्व्हर बंद करून काम पर्यायी केंद्रावर न्यायचे, हा आकडा आपल्या योजनेत असायला हवा. पण तो निर्णय रात्री दोन वाजता कोणी घ्यायचा, तो चुकला तर संचालक मंडळापुढे उत्तर कोणी द्यायचे आणि हे सर्व ठरल्याप्रमाणे होते की नाही यावर देखरेख कोणाची, हे प्रश्न कोबिटचे आहेत. अंमलबजावणी करणारा आणि उत्तरदायी असणारा या दोन भूमिका ती चौकट वेगळ्या ठेवते. सल्लागाराने बाहेरून लिहून दिलेल्या योजनेत हीच बाजू बहुधा लंगडी राहते, आणि आपला अहवाल मी पाहिलेला नसला तरी शेऱ्याचे मूळ तेथेच असावे असे मला वाटते.

दुसरी शक्यता चाचणीची. प्रणाली बंद पडल्याचा परिणाम जितका गंभीर, तितकी चाचणी कसून घ्यावी, हे निस्टचे तत्त्व आहे; कमी परिणामाच्या प्रणालीसाठी टेबलाभोवती बसून केलेली उजळणी चालते, पण ज्या प्रणालीवर ठेवीदारांचे सर्व व्यवहार चालतात तिचे काम पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष चालवून पाहावे लागते. लेखापरीक्षक त्या दिवसाची नोंद, आढळलेल्या उणिवा आणि त्या दूर केल्याचा पुरावा मागतो. बॅकअप घेतल्याची नोंदवही दाखवून हे भागत नाही, कारण त्या बॅकअपमधून माहिती पुन्हा उभी राहिली का, हे तिच्यातून कळत नाही.

योजना फेकून देऊ नये. ‘डीएसएस04’ खालील आठही कार्यपद्धती एका तक्त्यात मांडाव्यात आणि प्रत्येकीसमोर योजनेतील पृष्ठ, उत्तरदायी अधिकारी आणि उपलब्ध पुरावा लिहावा. जो रकाना रिकामा राहील तीच त्रुटी, आणि तेवढेच काम बाकी आहे असे समजावे. तक्त्यात आणखी एक रकाना रिझर्व्ह बँकेसाठी राखावा, कारण कोबिट आणि निस्ट यांपैकी काहीही आपल्या बँकेवर कायद्याने बंधनकारक नाही. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2019 मध्ये सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट दिली असून आपली बँक ज्या पातळीत येते तिच्या अटी प्रथम पूर्ण व्हायला हव्यात.

जाता जाता एक विनंती. बॅकअपची प्रत जर पंचवटीतील शाखेत ठेवत असाल, तर ती याच आठवड्यात हलवावी. सराफ बाजार एका तीरावर आणि पंचवटी समोरच्या तीरावर असली, तरी नदीच्या दोन्ही तीरांवर पूर एकाच दिवशी चढतो.