ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० (१२ जीबी मेमरी) घ्यावं की ४०६० (८ जीबी)? कार्डांची तुलना नक्की कशावरून करायची?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय: साताऱ्यात लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करता, रात्री थोडं गेमिंग, मशीन इंटेलच्या आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसरचं. दुकानदार म्हणतो १२ जीबीवालं न्या, मित्र म्हणतो नवीन मॉडेल घे, आणि तुम्ही मधे अडकलाय. आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे आकडे कुठले बघायचे ते आपोआप कळेल.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. काही वर्षांपूर्वी मी जीटी १०३० हे स्वस्तातलं कार्ड घेतलं, २ जीबीचं. मित्राकडे तेच कार्ड, तेच नाव, तेवढेच जीबी. पण त्याच्याकडे जो गेम सेकंदाला चाळीस फ्रेमने चालायचा तो माझ्याकडे वीस-बावीसवर रडायचा. ड्रायव्हर बदलले, विंडोज परत टाकलं, दोन रविवार घालवले. शेवटी दोन्ही मशीनवर जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची सगळी माहिती दाखवणारा प्रोग्राम, उघडून शेजारी शेजारी बसलो. त्याच्या कार्डावर मेमरी वेगवान जातीची जीडीडीआर५, बँडविड्थ (मेमरीतून माल ये-जा करण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी. माझ्यावर साधी डीडीआर४, १६.८ जीबी. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "नाव तर तेच आहे की!" नाव तेच होतं, हे खरंच. एनव्हिडिया कंपनीनेच एका नावाखाली दोन वेगळी कार्डं विकायला काढली होती.

सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. पेवाचं पोट प्रचंड, पण तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. आत किती पोती मावतात ते पोटावर, आणि बाजार चढल्यावर किती वेगाने बाहेर निघतात ते तोंडावर. कार्डाचे जीबी म्हणजे पोट. बस (मेमरी आणि चिपमधला रस्ता) किती बिटची आणि मेमरी किती वेगाची, हे झालं तोंड. दुकानात फक्त पोट सांगतात.

तोंडाचा हिशोब सोपा आहे. बसचे बिट गुणिले मेमरीचा वेग, भागिले ८. ३०६० ची बस १९२ बिट, वेग १५ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६० ची १२८ बिट, वेग १७, म्हणजे २७२. इथे जुनं कार्ड सरळ पुढे आहे. मग ४०६० चालतं कसं? त्यात चिपच्या आतच २४ एमबीची एल-टू कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी, ठेवलीय, ३०६० मध्ये ती ३ एमबी होती. लागणारी पोती तोंडाशीच रचून ठेवल्यासारखं. पेवात सारखं उतरावं लागत नाही.

आता कोअर, म्हणजे चिपमध्ये आकडेमोड करणारे हमाल. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर, ४०६० मध्ये ३०७२. नवीन कार्डात कमी! पण हमाल किती यासोबत ते किती चपळ हेही बघायचं: ३०६० चा बूस्ट, म्हणजे जोरात चालतानाचा वेग, १.७८ गिगाहर्ट्झ, ४०६० चा २.४६. गुणाकार करून बघा, ४०६० साधारण १८ टक्क्यांनी पुढे निघतं, आणि १०८०पी गेमिंगमध्ये फरकही तेवढ्याच आसपास दिसतो. हा गुणाकार मात्र एकाच कंपनीच्या लागोपाठच्या पिढ्यांपुरता, आणि तिथेही जपून. २०६० मध्ये १९२० कोअर होते, ३०६० मध्ये ३५८४ झाले, म्हणून वेग काही दुप्पट झाला नाही. आतली रचना बदलली तशी मोजणीही बदलली. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डाशी कोअरची तुलना तर करूच नका, ती किलोची आणि लिटरची तुलना आहे.

गेमचे व्हिडिओ बघताना सरासरी फ्रेमवर भाळू नका, त्याच्याशेजारी ‘१ टक्का लो’ म्हणून आकडा असतो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमांचा वेग) तो बघा. सरासरी ८० आणि लो २५ असेल तर ऐन मारामारीत चित्र अडखळणार. शिवाय चाचणी करणारे बहुतेक सर्वात महागडा प्रोसेसर लावतात. तुमच्या १०४०० वर तेवढे फ्रेम येतीलच असं नाही.

पण तुमचं पोट एडिटिंगवर आहे, गेमवर नाही. तुम्ही डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरता असं लिहिलंय. त्यात फोर-के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन टाकलं, वर दोन-चार इफेक्ट चढवले, की ८ जीबी भरायला वेळ लागत नाही. मग ‘जीपीयू मेमरी फुल’ असा संदेश येतो आणि रेंडर थांबतो. कार्ड हळू असेल तर तुम्ही चहा पिऊन याल. मेमरी संपली तर चहा पिऊन आल्यावरही काम तिथेच असतं. आणखी एक बारकावा: ४०६० मदरबोर्डशी आठच लेनने बोलतं, आणि १०४०० चा बोर्ड पीसीआय-ई (कार्ड आणि बोर्डमधला रस्ता) ३.० वर चालतो, दुप्पट वेगाच्या ४.० वर नाही. म्हणजे मेमरी भरून माल सिस्टिमच्या रॅममध्ये सांडायला लागला की ४०६० ला तिकडचा रस्ताही अरुंद. ३०६० ला सोळा लेन आहेत.

४०६० च्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. त्यात एव्ही१ एनकोडर (व्हिडिओ नव्या पद्धतीने कमी जागेत दाबून बसवणारा भाग) आहे, ३०६० मध्ये नाही. लग्नाची डिलिव्हरी पेन ड्राइव्हवर देणाऱ्याला त्याचं फारसं कौतुक नाही. दुसरी, वीज: ३०६० ला १७० वॅट, ४०६० ला ११५. रोज सहा तास पूर्ण ताणावर चालवलं तरी महिन्याला दहाएक युनिटचा फरक. बिलापेक्षा यूपीएसचं बघा. आमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस सर्रास असतो. वळवाच्या पावसात लाइट गेली, कार्ड जोरात चालू असलं, की तो दोन-तीनदा ओरडतो आणि रेंडरसकट मान टाकतो.

मी तुमच्या जागी असतो तर ३०६० घेतलं असतं. पण घेताना १२ जीबी आणि १९२ बिट, दोन्ही बघून. ३०६० याच नावाने ८ जीबी, १२८ बिटचंही कार्ड निघालंय, २४० जीबी बँडविड्थचं. जीटी १०३० चीच गंमत पुन्हा. फक्त गेमिंग असतं तर डोळे झाकून ४०६० म्हणालो असतो.

एक राहिलं. तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, शूट करतो का? करत असेल तर टाइमलाइन अडखळते ती कार्डामुळे नसेलही. ते फुटेज उलगडायचं काम या दोन्ही कार्डांच्या डिकोडरला येत नाही, तुमच्या १०४०० च्या आतल्या ग्राफिक्सलाही नाही. फुटेज एच.२६५ मध्ये असेल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरना येतं, नावामागे ‘एफ’ नसलेल्या (‘एफ’वाल्यांत आतलं ग्राफिक्स नसतं). कार्डांत आरटीएक्स ५० मालिकेला येतं. तोवर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, करून काम करा. माझ्या ओळखीच्या एका मिरजेच्या एडिटरने याच अडखळण्यापायी कार्ड बदललं, आणि नव्या कार्डावर फुटेज होतं तसंच अडखळत राहिलं. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि रेकॉर्डिंगची सेटिंग खाली लिहा, मग कार्ड आत्ता घ्यावं की आधी प्रोसेसर-बोर्ड बदलावा ते सांगतो.