गमावणारा लूझ, सैल असलेला लूस

परवा भाचीचा निरोप आला : "मामा, 'गमावणे' या अर्थाचं लूज इंग्रजीत लिहिताना ओ एक की दोन? आणि अ‍ॅडव्हाइज सी-ने की एस-ने? पाठ करते आणि विसरते. काहीतरी खूण सांग ना." सोबत तिने ऑफिसातल्या एका मेलमधलं स्वतःचं वाक्य पाठवलं होतं. 'ग्राहक हातचा जाईल' असं तिला म्हणायचं होतं, पण एक ओ जास्तीचा पडला आणि अर्थ झाला 'ग्राहकाला मोकळं सोडू'. दोन ओंचं क्रियापदही इंग्रजीत आहे, बांधलेलं सोडणे या अर्थाचं. त्यामुळे कॉम्प्युटर लाल रेघसुद्धा मारत नाही.

आधी उत्तर देतो. गमावणे असेल तर एल-ओ-एस-ई, एकच ओ. सैल असेल तर दोन ओ. सल्ला असेल तर सी, सल्ला देणे असेल तर एस. पण हे पाठ करून टिकत नाही हे भाचीचं म्हणणं खरं आहे, कारण मूळ अडचण कानाची आहे.

आपण मराठीत काय म्हणतो? स्क्रू लूज झालाय, पॅन्ट लूज होतेय, लूज मोशन झालेत. सगळीकडे ज. इंग्रजीत मात्र हा शब्द 'लूस' आहे, शेवटी स्वच्छ स. आणि गमावणे म्हणजे 'लूझ'. हा झ 'माझा' म्हणताना येतो तो, 'माझी'तला नव्हे. दोन वेगळे शब्द आपल्या तोंडी एक होऊन बसले, मग लिहिताना हात अडखळणारच. गळ्यावर दोन बोटं ठेवून आधी नुसता स लांबवून बघा, मग तो झ. स-ला बोटांना काही जाणवत नाही, झ-ला थरथर लागते. शाळेच्या व्याकरणात यांनाच कठोर आणि मृदू वर्ण म्हणायचे.

आता गंमत बघा. सल्ला 'अ‍ॅडव्हाइस', सल्ला देणे 'अ‍ॅडव्हाइझ'. उपयोग 'यूस', वापरणे 'यूझ' (आपण दोन्हींना यूजच म्हणतो). जवळचा 'क्लोस', बंद करणे 'क्लोझ'. सबब 'एक्स्क्यूस', माफ करणे 'एक्स्क्यूझ'. नाम किंवा विशेषण असेल तर कठोर, क्रियापद असेल तर मृदू. हे स-पुरतंच नाही. पुरावा 'प्रूफ', सिद्ध करणे 'प्रूव्ह'. श्वास 'ब्रेथ', श्वास घेणे 'ब्रीद', आणि या शेवटच्या जोडीत क्रियापदाच्या टोकाला ई लावायची राहते, ही चूक फार दिसते.

हे असं का झालं, ते मराठी माणसाला लगेच कळेल, कारण जगत् + ईश = जगदीश हे आपण शाळेत घोकलेलं आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला कठोर त मऊ होऊन द झाला. जुन्या इंग्रजीत तेच घडलं. घर म्हणजे 'हूस', शेवटी स उघडा, म्हणून तो कठोर राहिला. त्याचं क्रियापद 'हूसिअन', इथे स दोन स्वरांत सापडला आणि झ झाला. पुढे ते शेवटचे प्रत्यय झिजून गेले, मऊपणा मात्र राहिला. गमावण्याचा 'लूझ' जुन्या 'लोसिअन'पासून आला, म्हणून झ. सैल 'लूस' आला स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांच्या 'लाउस'पासून, तिथे स शेवटी होता, तो तसाच टिकला. अ‍ॅडव्हाइस फ्रेंचमधून आला, पण तोही याच चाकोरीत बसला. मला या खुणेचं अप्रूप वाटतं ते यासाठी, की ती कुणी सोयीसाठी रचलेली नाही.

म्हणून भाचीला सांगितलं, लिहिण्याआधी वाक्य ओठांतल्या ओठांत म्हण. गळा थरथरला तर एक ओ, नाही तर दोन. फक्त निवडणे, म्हणजे 'चूझ', याला अपवाद : झ असूनही त्यात दोन ओ आहेत. मराठीत बोलताना स्क्रू मात्र लूजच म्हणावा, तिथे लूस म्हणणं उगीच आहे.

अ‍ॅफेक्ट आणि इफेक्टला ही युक्ती चालत नाही. तिथे औषधाचा 'साइड इफेक्ट' आठवावा : ते नाम, म्हणून ई. परिणाम करणे हे क्रियापद बहुतेक वेळा ए-ने.

प्रॅक्टिस आणि लायसन्सला कान उपयोगी नाही, कारण नाम असो वा क्रियापद, दोन्हीकडे स-च ऐकू येतो. इथे अ‍ॅडव्हाइसच्या जोडीवरून जायचं : नामाला सी, क्रियापदाला एस. ही ब्रिटिश रीत, आणि आपल्याकडे तीच चालते. अमेरिकेत प्रॅक्टिस दोन्ही वेळा सी-ने आणि लायसन्स दोन्ही वेळा एस-ने लिहितात, त्यामुळे तिकडचं वाचून गोंधळ वाढतो. शंका आली तर पाकिटातलं ड्रायव्हिंग लायसन काढून बघावं. त्यावर शेवटच्या ई-च्या आधी सी छापलेला आहे.