लेकीच्या शिक्षणाचे पैसे आणि पर्विसचं पोस्टर

लीड्सहून एका वाचकांचं पत्र आलंय. दोघं नोकरी करतात, मुलगी 12 वर्षांची आहे. महिन्याचा खर्च 2,600 पौंड, हाताशी शिल्लक 9,000 पौंड. पुढच्या महिन्यात एका लिलावात ब्रिटिश चित्रकार टॉम पर्विसचं समुद्रकिनाऱ्याचं रेल्वे पोस्टर येतंय, अंदाज 4,000 पौंडांचा. ते विचारतात, "सहा वर्षांनी लेक विद्यापीठात जाईल तेव्हा ते विकून खर्चाला हातभार लावता येईल. घेऊ का?"

नमस्कार. आधी उत्तर देतो: या लिलावात बोली लावू नका.

तुमची पारख चुकलेली नाही, हे मनापासून सांगतो. तुम्ही ज्याच्या मागे आहात ते 'ईस्ट कोस्ट जॉइज' या 1931च्या सहा पोस्टरांतलं एक. सहाही शेजारी लावली की चित्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जुळतं. पर्विस बाह्यरेषा काढतच नाही. सपाट निळा, सपाट पिवळा, आणि त्या दोन रंगांच्या हद्दीवरच माणसाचा खांदा उभा राहतो. तेव्हाच्या एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) कंपनीने लोकांना पूर्व किनाऱ्यावर सुट्टीला न्यायचं म्हणून ही चित्रं स्टेशनांवर खळीने चिकटवली, वर पुढची जाहिरात चिकटवली. म्हणून आज धड अवस्थेतली थोडीच सापडतात. दुर्मीळ आहेत, सुंदर आहेत. पण त्यांच्यावर लेकीची फी अवलंबून ठेवावी का, हा प्रश्न वेगळा.

आता हिशेब. 4,000ला हातोडा पडला म्हणून तुमचे 4,000 जात नाहीत. बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेतं ती रक्कम, 25 टक्के धरू, म्हणजे 1,000. त्यावर 20 टक्के व्हॅट, 200. झाले 5,200. सहा वर्षांनी विकायला गेलात की विक्रीचं कमिशन. ते 15 टक्के आणि त्यावर व्हॅट धरला तर 18 टक्के कापले जातात. तुमचे 5,200 नुसते परत मिळायचे, तर त्या दिवशी हातोडा साधारण 6,340ला पडायला हवा. म्हणजे पोस्टरचा भाव वर्षाला जवळपास 8 टक्क्यांनी वाढला, तर तुम्ही सहा वर्षांनी आहात तिथेच. फ्रेम आणि विमा यात धरलेलाच नाही. त्या लिलावगृहाचे दर थोडे इकडेतिकडे असतील, अटींचा कागद वाचून हाच हिशेब स्वतः मांडून बघा.

आणि भाव तेवढा वाढेलच का? ती जुनी एलएनईआर 1947 अखेर संपली, 1 जानेवारी 1948ला ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं. ही पोस्टरं लहानपणी फलाटावर पाहिलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची. आठवणीखातर पैसे मोजणारं गिऱ्हाईक कमी होत जाणार, चित्रकलेसाठी मोजणारं टिकेल असं मला वाटतं. पण "मला वाटतं" यावर फी भरता येत नाही. सप्टेंबरात वसतिगृहाचे पैसे भरायचे असतील तर अर्धं पोस्टर विकता येत नाही, आणि लिलाव तुमच्या सोयीने भरत नाही.

करापायी अडायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये अशी वस्तू 6,000 पौंडांपर्यंत विकली तर भांडवली नफा कर लागत नाही. मात्र जुळणारी सहाही जमवून एकाच माणसाला विकलीत, तर ती एक संच म्हणून धरली जातात, म्हणजे 6,000ची मर्यादा सगळ्यांना मिळून एकच.

मला खरी काळजी वाटते ती 9,000ची. त्यातून 5,200 गेले की 3,800 उरतात, जेमतेम दीड महिन्याचा खर्च. नोकरी गेली किंवा आईवडिलांसाठी रातोरात भारतात जावं लागलं, तर? आधी सहा महिन्यांचा खर्च, 15,600 पौंड, सहज काढता येईल अशा खात्यात जमू द्या. लेकीसाठी दरमहा वेगळी रक्कम आयसामध्ये (ISA, ब्रिटनमधलं करमुक्त बचत-गुंतवणूक खातं) टाका. ती सहा वर्षांत लागणार, तेव्हा सगळी शेअर बाजारात नको, आणि शेवटची दोन वर्षं तर रोख ठेवीतच असू द्या.

हौस मारा असं मी म्हणणार नाही. पोस्टरचा वेगळा डबा करा, महिन्याला 50 पौंड. 1950च्या दशकातली, राष्ट्रीयीकरणानंतरच्या ब्रिटिश रेल्वेजची किनाऱ्याची पोस्टरं काही शे पौंडांत मिळतात. घेताना भिंग न्या: जुन्या लिथोग्राफात (दगडावरून किंवा पत्र्यावरून छापलेल्या चित्रात) रंग सलग दिसतो, आजच्या छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. खालच्या कडेवर छापखान्याचं नाव शाबूत आहे का बघा, ती कड कापलेली असली तर किंमत उतरते. मागे कापड लावलंय का, घड्या रंगवून झाकल्यात का, ते लेखी विचारा. घरी आणल्यावर काच कागदाला टेकू देऊ नका आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात, तेव्हा लेकीला घेऊन जा. पर्विस तिथे फुकट बघायला मिळेल. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडेही अशा पोस्टरांचा मोठा संग्रह आहे, आणि लीड्सहून यॉर्क गाडीने अर्ध्या तासावर.