घोडीच्या पायातली झालर

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई. मी नागावला एका फार्महाऊसवर केअरटेकर आहे, आधी जन्मभर गुरं सांभाळली, घोड्याचं काम दोनच वर्षं झाली. आमच्या शेठनी जिप्सी कॉब जातीची घोडी आणलीय, काळी-पांढरी, गुडघ्याखाली एवढे केस की खूर दिसत नाही. शेठ म्हणतात केसांना कात्री लावायची नाही, त्याचेच तर पैसे दिलेत. दिवाळीपासून ती रात्री पाय आपटते, दातांनी चावते, एक पाय दुसऱ्यावर घासते, केसात बोटं घातली की खपल्या लागतात. रोज शॅम्पूने धुतो, वर करंजाचं तेल चोळतो, तरी वाढतंच आहे. मोबाईलवर सगळे सांगतात हे थंडीत चिखलाने होतं, पण आमच्याकडे आता चिखल आहे कुठे? गुरांचं गोचिडाचं औषध मारून बघू का?

उत्तर : शेवटचं आधी सांगते, नका मारू. गुरांच्या गोचिडांच्या औषधात बरेचदा अमिट्राझ असतं, गाईला ते चालतं पण घोड्याला नाही, आतडी सुस्तावतात, लीद तुंबते आणि साध्या खाजेचं पोटशूळावर जातं. घरात बाटली असेल तर तिच्यावरचं नाव वाचा आणि तबेल्यापासून लांब ठेवा.

आता चिखलाचं. तो सल्ला चुकीचा नाही, तो तिकडचा आहे. शायर, क्लाइड्सडेल, तुमची कॉब, ही सगळी ब्रिटन-आयर्लंडकडची जनावरं, तिकडे थंडी म्हणजेच पाऊस आणि चिखल. आपला चिखल जून ते ऑक्टोबर, त्यामुळे तुम्ही आत्ता जे बघताय ते बहुतेक पावसाळ्यातच सुरू झालंय, पायाच्या केसांच्या या झालरीखाली कुणाला दिसलं नाही एवढंच. आणि त्यात तुम्ही रोज धुताय! दादा, राग मानू नका, पण ही एवढी दाट झालर आपल्या दमट हवेत सकाळी धुतली तर संध्याकाळीही आत ओलीच असते, वरून हात फिरवला की कोरडी वाटते, बोटं मुळाशी नेऊन बघा. त्या ओलीवर तेल म्हणजे ओल आत कोंडून ठेवली, शिवाय नागावची वाळू त्या तेलाला चिकटते आणि चालताना घासते. करंज तेलाशी माझं वैर नाही, आमच्या घरीही बाटली असते, पण ते खपल्यांवर नको.

पाय आपटणं, चावणं, रात्री जास्त, हे ऐकून मला पहिला संशय किड्यांचा येतो. कोरिऑप्टिस म्हणतात त्यांना, डोळ्यांना धड दिसत नाहीत, कातडीच्या वरच राहतात आणि मेलेली कातडी खातात. म्हणूनच तोंडाने द्यायची जंतांची पेस्ट यांच्यावर नीट चालत नाही, ते रक्त पीतच नाहीत तर औषध त्यांच्यापर्यंत पोचणार कसं. थंडीत यांची संख्या वाढते. आणि हेच किडे गाईवर, शेळीवरही असतात! घोडी गुरांच्याच गोठ्यात बांधता का, खरारा आणि ब्रश तोच वापरता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं उत्तर मला माहितीये.

दुसरा संशय बॅक्टेरियाचा, डर्मॅटोफिलस, हा ओल्या कातडीवरच माजतो. त्याची खपली निघाली की खाली केसांचा झुबका चिकटून येतो, रंगाच्या ब्रशसारखा. पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते, तिथे जास्त त्रास होतो. दोन्ही एकदम असणंही कॉमन आहे, किडे खाजवायला लावतात आणि खाजवलेल्या जागी बॅक्टेरिया शिरतो. म्हणून अंदाजाने औषध नको, तुमच्या व्हेटना खरवडून घ्यायला सांगा, मायक्रोस्कोपखाली किडे सापडतात.

तोवर काय करायचं तर रोजचं धुणं बंद. आठवड्यातून एकदा क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक पातळ करून कोमट पाण्यातून लावायचं, १० मिनिटं राहू द्यायचं, स्वच्छ धुवायचं, आणि मग खरं काम सुरू होतं ते सुकवायचं. जुन्या सुती साडीने दाबून दाबून पाणी टिपा, चोळू नका, मग टेबल फॅन जमिनीवर ठेवून पाय त्याच्यासमोर, वायर मात्र घोडीच्या दातांपासून लांब. पूर्ण सुकेपर्यंत वाडीत सोडू नका. खपल्या नखाने काढायच्या नाहीत, मऊ होऊन सुटतील त्या सुटतील. मी नवीन असताना एका घोड्याच्या खपल्या जोर लावून काढल्या होत्या, मला वाटलं साफसफाई करतेय, दुसऱ्या दिवशी पाय हा एवढा सुजला आणि त्याने मला जी लाथ दाखवली ती योग्यच होती.

किडे निघाले तर व्हेट स्प्रे किंवा इंजेक्शन देतील, एकदा देऊन भागत नाही कारण अंडी राहतात, अंड्यातून किडा व्हायला साधारण ३ आठवडे लागतात म्हणून परत द्यावं लागतं. ते किडे पेंढ्यात काही आठवडे जगतात, सगळा पेंढा काढून जाळा, जमीन घासून कोरडी करा, ब्रश वेगळा ठेवा, सोबतची जनावरंही दाखवून घ्या. ब्रिटनकडे लोक पांढरं मिनरल ऑईल आणि गंधक मिसळून झालरीला लावतात, पाणी आत जात नाही आणि किड्यांनाही आवडत नाही. पण ते निरोगी, कोरड्या पायावर, आधी छोट्या जागी लावून एक दिवस बघायचं, आणि आपल्या उन्हात तेल लावून उभं करायचं नाही.

आणि शेठना माझं नाव सांगून सांगा की झालर कापावी लागेल. किमान या वेळी. कापल्याशिवाय औषध कातडीला लागत नाही, निम्मं केसांतच राहतं. परत येते ती, पूर्ण लांब व्हायला वर्षभर तरी जातं, पण येते. या जातींमध्ये पाय कायमचे जाड होऊन कातडीला वळ्या आणि गाठी पडण्याचा एक आजार असतो, शरीरातलं लिम्फ नावाचं पाणी पायात साचतं, तो बरा होत नाही फक्त आटोक्यात ठेवता येतो, आणि झालरीखाली तो वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. दर रविवारी मुळापर्यंत हात घालून दोन्ही पाय सारखे लागतात का ते बघत जा.

प्रश्न : मॅडम, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणला, विकणारा पंजाबकडचा होता. अंगावर अस्वलासारखे केस आहेत. इथे गुहागरला दुपारी घामाने निथळतो, नुसता उभा असला तरी. सोबत मिळालेली झूल रात्री घालतो. केस कापू की राहू देऊ, थंडी बाधेल का?

उत्तर : झूल आजच काढा, घडी करून माळ्यावर. मोठ्या निरोगी घोड्याला ५ ते २५ डिग्रीत काही करावं लागत नाही, आणि गुहागरला पहाटे बघा हो किती असतं, माणसं मफलर गुंडाळतात ती हौस म्हणून. केसाळ घोड्याला झूल म्हणजे आंघोळीनंतर ओल्या अंगावर स्वेटर.

घोड्याचे केस थंडी बघून वाढतात असं आपल्याला वाटतं, पण मुख्य हिशोब उजेडाचा असतो. दिवस लहान व्हायला लागला की शरीर केस वाढवायला घेतं, २१ डिसेंबरनंतर दिवस मोठा व्हायला लागला की गाळायची तयारी. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम ८ तासांचा आणि जूनमध्ये साडेसोळा, आपल्याकडे ११ आणि सव्वातेरा, म्हणून इकडच्या घोड्यांचे केस थोडेच फुगतात. तुमचा घोडा उत्तरेत केस वाढवून बसला आणि मग टेम्पोतून इथल्या दमट हवेत उतरला, त्याच्या अंगाला अजून पत्ता लागलेला नाही.

कापा. मान, छाती, पोटाकडची बाजू मशीनने कापली तरी बराच मोकळा होईल, सगळं अंग कापलंत तरी कोकणात बिघडत नाही. आधी खरारा करून धूळ काढा, ओल्या अंगावर मशीन नको, आणि पातं दर पाच मिनिटांनी हाताला लावून बघा, तापलं की थांबायचं. जे केस कापत नाही ते फेब्रुवारीत मूठमूठ गळतील, घाबरू नका.

एक लक्ष ठेवा मात्र. घाम येतोय ही चांगली गोष्ट आहे. उष्ण-दमट हवेत आलेल्या काही घोड्यांचा घाम हळूहळू बंदच होतो, मग अंग कोरडं, नाकपुड्या फुगलेल्या आणि श्वास जोरात. विश्रांतीला मिनिटाला ८ ते १६ श्वास असतात, बरगड्या बघून मोजा. सावलीत उभा राहूनही त्याच्या दुपटीवर जात असेल तर गार पाणी ओता आणि व्हेटना फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : आम्ही काशीदला बीचवर घोडा चालवतो. खाऱ्या पाण्याने पायाचे रोग जातात म्हणून रोज पाण्यात उभा करतो. बरोबर ना?

उत्तर : गार पाण्याने थकलेल्या पायांना बरं वाटतं हे खरं. पण मीठ अंगावरच सुकलं की कातडी फुटते, आणि खोगिराच्या पट्ट्याखाली, टाचेच्या खोबणीत ओली वाळू घासते. पाण्यात न्या, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सुकवा. पाणी विकत घ्यावं लागतं मला माहितीये, पाय आणि पोटापुरती दोन बादल्या पुरतात.

प्रश्न : आमच्या आजोबांचा टट्टू २२ वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात त्याचे केस गळलेच नाहीत, आता अजूनच लांब आणि कुरळे झालेत, पाणी खूप पितो. आजोबा म्हणतात म्हातारपणी थंडी वाजते म्हणून देवाने दिलेत.

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा, पण हे थंडीचं नाही. म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बिघडते, तिचं सगळ्यात ठळक लक्षण हेच, न गळणारे लांब केस. रक्तात एसीटीएच नावाचं तिचं हार्मोन तपासून कळतं, पर्गोलाईड नावाची गोळी रोज द्यावी लागते, आयुष्यभर. आत्ता मशीनने केस कापून त्याला हलका करा आणि नालबंदाला बोलावून खूर दाखवा, कारण या आजारात खुरांना आतून सूज येते आणि गोड खाण्याने ती वाढते. म्हणजे नातवंडं रोज सकाळी गूळ भरवत असतील तर तो आजपासून बंद.