जाहिरातींत, चित्रपटांत मारिओ या व्हिडिओ गेममधल्या पात्राचे संदर्भ चाहत्यांना सगळीकडे दिसतात. त्यांतले खरे कोणते हे कसे ओळखावे?

एका जाहिरातीत लाल टोपी घातलेला मिशीवाला प्लंबर नळ दुरुस्त करतो आणि शेवटी ‘टिंग’ असा आवाज होतो. तुम्हाला तो मारिओचा संदर्भ वाटला आणि मित्रांनी तुमची थट्टा केली, असे तुम्ही लिहिले आहे. चाहत्यांना असे संदर्भ जिकडेतिकडे का दिसतात आणि खरा संदर्भ ओळखायचा कसा, हा तुमचा मूळ प्रश्न. मी धुळ्यात चित्रकला शिकवतो. ‘सर, हा मारिओच आहे ना?’ असे विचारत विद्यार्थी वर्षभर काही ना काही आणून दाखवत असतात, त्यामुळे या विषयाचा मी नको इतका विचार केला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, साम्य दिसले म्हणजे संदर्भ सापडला असे होत नाही. संदर्भ देणारा माणूस काहीतरी मुद्दाम अर्धवट सोडतो आणि उरलेले बघणाऱ्याला आठवेल अशा भरवशावर असतो. म्हणून ‘हे मारिओसारखे दिसते का’ यापेक्षा ‘मारिओ माहीत नसता तर ही गोष्ट इथे अशी आली असती का’ हा प्रश्न विचारावा. तुमच्या जाहिरातीतली लाल टोपी आणि मिशी या प्रश्नापुढे टिकत नाहीत. नळाच्या जाहिरातीत प्लंबर येणारच, आणि आपल्याकडच्या प्लंबरला मिशी असणे याला योगायोगदेखील म्हणता येणार नाही. पुरावा असलाच तर तो त्या आवाजात आहे. मारिओ नाणे घेतो तेव्हा एक आवाज होत नाही, दोन स्वर वाजतात: पहिला अगदी आखूड, दुसरा त्याच्या वरचा आणि लांबलेला, आणि त्यांच्यातले अंतर पंचमापासून तार षड्जापर्यंत असते तेवढे. जाहिरातीत हे दोन स्वर याच अंतराने आणि याच लांबीने आले असतील, तर ध्वनी बसवणाऱ्याने ते जाणूनबुजून घेतले आहेत आणि मग ती टोपीही आपोआप संशयास्पद ठरते. नुसती घंटी वाजली असेल, तर मित्रांचे म्हणणे मान्य करावे लागेल.

सर्वांत जास्त फसगत होते ती दोन गोष्टी एकाच तिसऱ्या, अधिक जुन्या गोष्टीतून आलेल्या असतात तेव्हा. मारिओच्या बाबतीत हे विशेष जाणवते, कारण मारिओ स्वतःच उसनवारीवर वाढलेला आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘डाँकी काँग’ हा खेळ १९८१ साली आला तेव्हा शिगेरू मियामोतो यांनी काढलेल्या या पात्राला ‘जंपमॅन’ म्हणत असत आणि तो प्लंबर नव्हता, सुतार होता. प्लंबर तो १९८३ च्या खेळात झाला. त्याआधी कंपनीला पोपाय या कार्टूनमधल्या खलाशावर खेळ काढायचा होता. त्याचे हक्क तेव्हा मिळाले नाहीत, म्हणून पोपाय, त्याचा आडदांड प्रतिस्पर्धी आणि त्यांच्यामधली ऑलिव्ह या तिघांच्या जागी सुतार, माकड आणि पळवून नेलेली तरुणी आली. ते माकड मजल्यामजल्यांनी वर चढते हे पाहून युनिव्हर्सल या स्टुडिओने १९८२ मध्ये ‘किंग काँग हे चित्रपटातले राक्षसी माकड आमचे’ म्हणून खटला भरला. तेव्हा असे निघाले की, याच स्टुडिओने काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खटल्यात किंग काँगची कथा सर्वांना खुली आहे असे स्वतःच कोर्टात मांडले होते. दावा अर्थातच फेटाळला गेला. (आपल्याच जुन्या अर्जामुळे तोंडघशी पडण्याचे प्रकार आपल्याकडे तहसील कचेरीत पाहायला मिळतात, पण इतक्या मोठ्या वकिलांचेही तसे व्हावे याची गंमत वाटते.)

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, एखाद्या कार्टूनमध्ये माकड बाईला घेऊन उंच इमारतीवर चढले की मुले ‘डाँकी काँग!’ म्हणून ओरडतात, आणि नव्वद टक्के वेळा ते १९३३ च्या किंग काँगकडे बोट दाखवत असते. माकड वरून पिंपे गडगडत सोडू लागले, तर मात्र ते डाँकी काँग. पिंप किंग काँगमध्ये नाही, ते फक्त खेळातून येऊ शकते. अळंबीचेही तसेच आहे. मारिओ अळंबी खाऊन मोठा होतो हे खरे, पण १८६५ सालच्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या गोष्टीतही अळंबीची एक बाजू खाल्ली की उंची वाढते आणि दुसरी खाल्ली की घटते. त्यामुळे पडद्यावर कोणी अळंबी खाऊन वाढले एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती अळंबी विटेच्या ठोकळ्यातून बाहेर येऊन जमिनीवरून घसरत चालली असेल, तर ठरते. आणि सालही पाहावे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सप्टेंबर १९८५ चा आहे; त्याआधीच्या चित्रपटातला एखादा प्रसंग कितीही जुळला तरी तो त्याचा संदर्भ असू शकत नाही. हे सांगण्याची गरज पडू नये, पण मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिप पाहता पडते.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे चित्राकडे येतो. मारिओची मिशी, टोपी आणि डांगरी हे सगळे नाइलाजाने आलेले आहे. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येत नव्हते म्हणून नाकाखाली मिशी दिली. केस काढणे आणि उडी मारताना ते हलवणे जमेना म्हणून टोपी दिली. हात हलताना वेगळे दिसावेत म्हणून शर्टाच्या वर वेगळ्या रंगाची डांगरी चढवली. १९८५ च्या खेळातला लहान मारिओ १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या चौकटीत बसतो आणि त्याच्या अंगावर तीनच रंग आहेत: टोपी आणि डांगरी लाल, त्वचा कातडीच्या रंगाची, आणि केस, मिशी व शर्ट हे तिन्ही एकाच तपकिरी रंगाचे. आज सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेला लाल शर्ट आणि निळी डांगरी घातलेला मारिओ हा नंतरचा. कोणी कोणता मारिओ काढला आहे यावरून तो त्याला कुठे भेटला हे पुष्कळदा कळते.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजारापासून थोड्या अंतरावर पाळण्यांची रांग लागते, तिथे लहान मुलांच्या झुकझुक गाडीच्या डब्यावर ऑइल पेंटने काढलेला मारिओ मी पाहिला. हात जाड झालेले, डोळे एकमेकांकडे वळलेले, नाक जवळजवळ गणपतीच्या सोंडेकडे झुकलेले. एकूण चित्र काही फार चांगले नव्हते. पण शर्ट तपकिरी आणि डांगरी लाल होती. मोबाइलवर शोधून काढलेल्या चित्राची नक्कल असती, तर निळी डांगरी आली असती. हा मारिओ टीव्हीच्या पडद्यावरून, व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटवरून उतरला होता. गाडीवाल्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “आमना पोऱ्यानी काढेल शे,” आणि तो पोऱ्या म्हणजे पस्तिशीचा बाप्या शेजारीच तिकिटे फाडत उभा होता. आमचे बोलणे मग पाळण्यांपेक्षा कॅसेटवरच जास्त रंगले: मागे लावायची वायर, टीव्हीवर चॅनल जुळवताना होणारी खरखर, आणि ‘९९९९ इन १’ असे छापलेले असूनही आत तेच तेच चारपाच खेळ उलटसुलट भरलेले असणे.

खान्देशातल्या आमच्या पिढीच्या चाहत्यांना काही संदर्भ झटकन कळतात आणि काही अजिबात कळत नाहीत, यामागेही ही कॅसेटच आहे. त्या खेळात केलेली प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती आणि भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. परिणामी पहिली लेव्हल आम्हाला तोंडपाठ आहे: पहिला प्रश्नचिन्हाचा ठोकळा, समोरून चालत येणारे ते चिडके अळंबीसारखे प्राणी, हिरवे पाइप, शेवटच्या पायऱ्या आणि झेंडा. ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला आहे, हे आमच्यापैकी अनेकांनी कोणी न सांगता हेरले होते. याउलट पहिला किल्ला जिंकल्यावर येणारे ‘राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे’ हे वाक्य, जे अमेरिकेत थट्टेने म्हणीसारखे वापरतात, ते इथल्या पुष्कळांनी वाचलेलेच नसते. २००८ साली आलेल्या ‘ब्रेड’ नावाच्या खेळात प्रत्येक भाग संपल्यावर किल्ल्यातून एक प्राणी येऊन अगदी हेच सांगतो. मला हा मारिओच्या संदर्भांपैकी सर्वांत हुशार वाटतो, कारण तो नुसता नमस्कार करून पुढे जात नाही. नायक ज्या राजकन्येच्या मागे आहे तिला सोडवायला हवे आहे का, अशी शंका तिथून सुरू होते. पण दोन्ही खेळ न खेळलेल्या माणसाला तिथे काहीच दिसणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकले असेही नाही.

परवानगी घेऊन, करार करून मारिओ किंवा त्याचा परिवार जिथे आणलेला असतो, त्या जागा ‘सापडल्या’ म्हणून मिरवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या समारोपात जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे मारिओची टोपी घालून हिरव्या पाइपमधून वर आले. त्याआधीच्या चित्रफितीत तो पाइप टोकियोच्या शिबुया चौकात डोरेमॉनने बसवला होता. प्रसंग देखणा होता, पण तो सगळ्या जगाने ओळखावा म्हणूनच रचला होता. २०१२ च्या ‘रेक-इट राल्फ’ या चित्रपटात खलनायकांच्या बैठकीत मारिओचा शत्रू बाउझर बसलेला दिसतो, तेही रीतसर परवानगीने. मारिओचे तिथे फक्त नाव येते. त्या चित्रपटात हेरण्यासारखे काही असेल, तर ते राल्फच्या खेळाची मांडणी. आडदांड गडी इमारतीवर चढून नासधूस करतो आणि खालून छोटा नायक वर येतो, हा आराखडाच डाँकी काँगचा आहे, आणि तो कोणी नाव घेऊन सांगत नाही. मार्च २०१८ मध्ये गूगल मॅप्सवर बाणाच्या जागी काही दिवस गाडीतला मारिओ येत असे. पारोळ्याजवळच्या महामार्गावर तो इतका संथ चालला होता की, त्याला आमच्या रस्त्याचा अंदाज असावा असे वाटले. मजा आली, पण तो कंपन्यांनी मिळून केलेला उत्सव होता. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बाळाच्या बाजूला चिकटवलेला मारिओ तर संदर्भदेखील नव्हे, तो फक्त वापर. तिथे आठवण्यासारखे काही मागे ठेवलेलेच नसते.

एक प्रकार मात्र माझ्या या सगळ्या कसोट्यांत नीट बसत नाही, आणि तो तुमच्यापुढे ठेवतो. अमळनेर तालुक्यातल्या एका लग्नाच्या वरातीत दोन अहिराणी गाण्यांच्या मधल्या जागेत बँडमधल्या कॅसिओवाल्याने मारिओची धून वाजवली. संगीतकार कोजी कोंदो यांची ही धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली; व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला. आपल्या स्वरांत तिची सुरुवात ग ग, ग, सा ग, प, आणि मग एकदम खाली मंद्र सप्तकातला प अशी आहे. ती ओळखू येते ती स्वरांपेक्षा मधल्या तुटक थांब्यांमुळे, आणि कॅसिओवाल्याने ते थांबे बरोबर घेतले होते. ढोलवाला बिचारा त्या थांब्यांत गोंधळून दोनदा चुकला. नवरदेवाचे मित्र लगेच उड्या मारून डोक्याने हवेतल्या विटा फोडू लागले, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या बाजूने संदर्भ पुरा झाला. वरात दारात लागल्यावर मी कॅसिओवाल्याला गाठले, तर त्याने मारिओ कधी खेळलेला नव्हता. ती धून त्याने कोणाच्या तरी जुन्या कीपॅड मोबाइलच्या रिंगटोनवरून उचलली होती आणि ‘पोरे नाचतात’ म्हणून ठेवली होती. देणाऱ्याला ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला पक्के ठाऊक, अशा वेळी मी तरी घेणाऱ्यांच्या बाजूने कौल देतो. त्या कॅसिओवाल्याला नाचणाऱ्या पोरांच्या आठवणीवर भरवसा होता. ती आठवण कशाची, एवढेच त्याला माहीत नव्हते.